मदत हवी आहे: नगरपंचायतीच्या रुग्णवाहिकेचा ठेका द्यायचाय, निविदेत काय लिहून घ्यावं?

घाटवाट:
नमस्कार मंडळी. घाटाच्या पायथ्याशी असलेल्या एका छोट्या नगरपंचायतीत मी पहिल्यांदाच निवडून आले आहे. येत्या सर्वसाधारण सभेत रुग्णवाहिका ठेक्याने चालवायला देण्याचा विषय आहे. मुख्याधिकाऱ्यांनी निविदेचा मसुदा आम्हा सदस्यांना दिलाय, सूचना आठ दिवसांत मागितल्यात. मसुदा तीन पानांचा. त्यातली अडीच पानं बयाणा रक्कम, सुरक्षा ठेव आणि कागदपत्रांची. कामाबद्दल एकच ओळ आहे: 'वाहनचालक पुरवून रुग्णवाहिका चालविणे, दर प्रति किलोमीटर.'

हे मला का खुपतंय ते सांगते. गाडी आमदार निधीतून आली. नारळ फुटला, फोटो झाले, पण चालकाचा पगार कशातून द्यायचा ते कुणी ठरवलं नव्हतं. मग दिवसपाळीला एक माणूस रोजंदारीवर घेतला. गेल्या पावसाळ्यात रात्री पावणेतीनला शेजारच्या काकांच्या छातीत दुखायला लागलं. तालुक्याची १०८ एका बाळंतिणीला घेऊन जिल्ह्याला गेलेली, म्हणजे ती तिचं कामच करत होती. काकांचा मुलगा आणि मी नगरपंचायतीकडे धावलो. किल्ली ऑफिसच्या कपाटात. शिपाईदादांना उठवून ती काढली. चौथ्यांदा स्टार्टर मारल्यावर गाडी सुरू झाली आणि मुलगाच चालवायला बसला. आत ऑक्सिजनचं सिलिंडर होतं, भरलेलं होतं, पण उघडायचा पाना नव्हता. मोबाइलच्या उजेडात मी सीटखाली, स्ट्रेचरखाली, औषधांच्या खोक्यात हात घालून शोधत होते आणि समोर काका धापा टाकत होते. उपजिल्हा रुग्णालय ३८ किलोमीटर. काका वाटेतच गेले.

त्या मसुद्यातल्या एका ओळीने यातलं काय बदलेल? पैसे किलोमीटरवर द्यावेत की महिन्याला? 'वेळेत पोचणे' हे कागदावर कसं मांडायचं, म्हणजे उद्या कुणी त्यातून पळवाट काढणार नाही? आणि रात्रपाळीचं काय? ज्यांनी असं काम जवळून पाहिलंय त्यांनी कृपया लिहा.

जुना_लेखापाल:
ताई, नगरपरिषदेच्या लेखा विभागात तीस वर्षं काढली, म्हणून आधी पैशाचं बोलतो.

निव्वळ किलोमीटरवर दर देऊ नका. गाडी पळाली तरच ठेकेदाराला पैसे, उभी राहिली की तोटा, असं झालं तर तो ती उभी ठेवणारच नाही. माझ्या काळात आमच्याकडे हेच झालं होतं. डिस्चार्ज मिळालेल्या पेशंटला गावी सोडायला गाडी दीडशे किलोमीटर जायची. बिल चांगलं व्हायचं, लॉगबुक स्वच्छ, सह्या जागच्या जागी. आणि दिवसभर गावात गाडीच नसायची. अत्यावश्यक सेवेत तुम्ही गाडीचं तयार उभं राहणं विकत घेता. म्हणून महिन्याची ठरावीक रक्कम द्या, ती गाडी आणि माणसं किती तास हजर होती यावर. डिझेल प्रत्यक्ष किलोमीटरप्रमाणे वेगळं. पेशंट घरी सोडण्याची कामं या गाडीला लावायचीच नाहीत, असं स्पष्ट लिहा. त्यासाठी खाजगी गाड्या आहेत आणि त्यांचे दर जिल्ह्याचं परिवहन प्राधिकरण ठरवून देतं.

दुसरं, हा खर्च दरवर्षीचा आहे. आमदार-खासदार निधी वस्तू घ्यायला असतो, चालवायला नाही. वित्त आयोगाच्या अबंधित (ठरावीक कामाशी न बांधलेल्या) अनुदानातूनही पगार आणि आस्थापना खर्च भागवता येत नाही. अंदाजपत्रकात स्वतःच्या उत्पन्नातून वेगळी तरतूद करून घ्या आणि तीही ठेक्याच्या पूर्ण मुदतीची. नाहीतर पहिल्याच लेखापरीक्षणात आक्षेप येईल आणि सेवा बंद पडेल.

सायरन:
मी बीएएमएस. सहा वर्षं रुग्णवाहिकेवर ड्युटी केली आहे. काकांबद्दल वाचून वाईट वाटलं. पाना नसणं मीही पाहिलंय.

चोवीस तास सेवा म्हणजे आठवड्याचे १६८ तास. एक माणूस आठवड्याला ४८ तास काम करतो. भागाकार केला तर साडेतीन येतात, म्हणजे एका जागेसाठी किमान चार माणसं. चालक चार आणि मागे बसणारा प्रशिक्षित परिचर चार, असे आठ. रजा-आजारपण धरलं तर आणखी. निविदेत 'चालक पुरवणे' एवढंच असेल तर ठेकेदार दोन माणसं आणतो आणि त्यांच्याकडून डबल ड्युटी करून घेतो. पहाटे चारला घाटात डुलकी लागलेला चालक तुम्हाला हवाय का? निविदेत माणसांची संख्या लिहा, पाळीचे तास लिहा, हजेरीची प्रत बिलाला जोडायला सांगा. पगार बँकेतूनच, किमान वेतनाप्रमाणे, भविष्य निर्वाह निधीच्या चलनासह. ठेकेदाराने पगार थकवले तर माणसं तुमच्याच दारात येतात.

गाडी कोणत्या प्रकारची तेही बघा. एआयएस-१२५ या मानकात रुग्णवाहिकेचे चार प्रकार आहेत, त्यातले आपल्या कामाचे तीन सांगतो. 'बी' म्हणजे फक्त पेशंट नेण्यापुरती, 'सी' म्हणजे प्राथमिक जीवरक्षक सोयींची, 'डी' म्हणजे प्रगत. नुसती पांढरी व्हॅन आणि वर दिवा असेल तर ती 'सी'चं काम करू शकत नाही.

आणि १०८ शी स्पर्धा करू नका. राज्याची ती सेवा २०१४ मध्ये ९३७ गाड्यांनी सुरू झाली. त्यातल्या २३३ प्रगत, ७०४ प्राथमिक, आणि गाडीवर डॉक्टर. नगरपंचायतीला हे झेपणार नाही आणि झेपवायची गरजही नाही. तुमची गाडी १०८ बाहेर असेल तेव्हाची दुसरी फळी. लोक घाबरले की १०८ च लावतात, नगरपंचायतीचा दहा आकडी नंबर कुणाला आठवत नाही. जिल्हा शल्यचिकित्सक आणि १०८ चे जिल्ह्यातले अधिकारी यांच्याशी बसून ठरवा, की त्यांची गाडी बाहेर असेल तर कॉल तुमच्या चालकाकडे कसा यायचा. हे ठरल्याशिवाय निविदाच काढू नका, असं माझं ठाम मत आहे.

सॅक्रामेंटोकर:
इथे कॅलिफोर्नियात मी कौंटीच्या (कौंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखी) खरेदी विभागात आहे, त्यामुळे वेळेच्या कलमाबद्दल लिहितो. इथे कौंटीची आपत्कालीन वैद्यकीय यंत्रणा एखादा भाग ठरवून तिथली रुग्णवाहिका सेवा एकाच कंपनीला देऊ शकते. त्यासाठी ठरावीक काळाने खुली स्पर्धा घ्यावी लागते. सूट आहे ती जानेवारी १९८१ पासून त्याच भागात तशीच सेवा अखंड देत असलेल्यांना.

करारात सरासरी वेळ मात्र लिहायची नाही. दहा कॉल समजा. आठ ठिकाणी गाडी ५ मिनिटांत पोचली, दोन ठिकाणी ३५ मिनिटांनी. सरासरी ११ मिनिटं! कागदावर उत्तम, आणि ती दोन माणसं गेली. म्हणून इथे 'महिन्यातल्या ९० टक्के कॉलना अमुक मिनिटांच्या आत' अशी अट असते. शहरी, ग्रामीण, दुर्गम भागांना मिनिटं वेगवेगळी. घड्याळ कधी सुरू होतं हेही लिहावं लागतं. कॉल उचलल्यावर, की गाडी हलल्यावर? ठेकेदार नेहमी दुसरं मागतो. तुमच्या त्या रात्री किल्ली शोधण्यात गेलेला सगळा वेळ या दुसऱ्या घड्याळात मोजलाच गेला नसता. वेळ जीपीएसवरून घ्या, वहीवरून नको.

एक अट विसरू नका. ठेकेदार मध्येच बसला तर? २०१३ मध्ये रूरल/मेट्रो ही अमेरिकेतली मोठी रुग्णवाहिका कंपनी दिवाळखोरी न्यायालयात गेली. अशा वेळी सेवा एक दिवसही थांबू नये म्हणून गाडी, उपकरणं आणि नोंदी ताबडतोब ताब्यात घ्यायचा हक्क सरकारने करारात राखून ठेवायचा असतो. तुमची गाडी नगरपंचायतीच्याच मालकीची आहे, ही मोठी जमेची बाजू. ती तशीच ठेवा.

घाटवाट:
तुम्हा तिघांचे मनापासून आभार. ९० टक्क्यांचं उदाहरण सभेत फळ्यावर लिहून दाखवणार आहे.

पण एक अडचण. आमच्याकडे निविदा भरणारे म्हणजे दोन-तीन स्थानिक गाडीवाले. एवढ्या अटी आणि वर दंड लावला तर कुणी भरणारच नाही, असं मुख्याधिकारी म्हणतात. त्यांचं अगदीच चूक आहे असं मला वाटत नाही.

जुना_लेखापाल:
चूक नाहीच. म्हणून निविदापूर्व बैठक घ्या आणि त्या गाडीवाल्यांना समोर बसवून विचारा, कुठल्या वाडीला किती मिनिटं लागतात. पावसाळ्यात किती, तेही. त्यांना तुमच्या इंजिनिअरपेक्षा जास्त माहीत असतं. पहिले तीन महिने फक्त मोजा, दंड नको. चौथ्या महिन्यापासून दंड, तोही मासिक रकमेच्या ठरावीक टक्क्यांपर्यंतच. दरड कोसळली, पूल पाण्याखाली गेला अशा वेळी सूट, पण फोटोसह त्याच दिवशी कळवलं तरच. यातलं काही बदललं तर शुद्धिपत्रक काढायला विसरू नका.

आणि ही अट आपल्या बाजूने लिहा: बिल सादर झाल्यापासून अमुक दिवसांत पैसे देऊ. लहान गाडीवाले निविदा भरत नाहीत ते दंडाला घाबरून कमी, आपण सहा-सहा महिने बिलं अडकवतो म्हणून जास्त. बिल अडकलं की पगार अडकतो, चालक सोडून जातो आणि रात्री गाडी पुन्हा उभी.

सायरन:
याला दुजोरा. आणि एक राहिलं. पाळी बदलताना येणाऱ्याने आणि जाणाऱ्याने मिळून गाडी तपासायची, दोघांच्या सह्या. बॅटरी, डिझेल, ऑक्सिजनचा काटा, सक्शन (घशात अडकलेलं ओढून काढायचं यंत्र), पाना. पाच मिनिटं लागतात. तो कागद नसेल तर त्या पाळीचे पैसे नाहीत, असं कलम घाला. मी देतो नमुना, व्यक्तिगत निरोप पाहा.

घाटवाट:
नमुना मिळाला, दादा. मसुद्यातली ती ओळ मी खोडली आहे. तिच्या जागी तासांवर मासिक रक्कम, आठ माणसं, कॉल उचलल्यापासून मिनिटं, तपासणीचा कागद आणि बिलाची मुदत असं दीड पान झालंय. उद्या मुख्याधिकाऱ्यांकडे देते. १०८ च्या लोकांशी बैठक गुरुवारी ठरली आहे. शल्यचिकित्सकांकडे कोणता विषय आधी काढावा हे कुणाला सुचलं तर बुधवारपर्यंत नक्की लिहा.

ठेका लागेपर्यंत गाडी आहे तशीच उभी आहे. म्हणून आज दुपारी हार्डवेअरच्या दुकानातून हातभर साखळी आणली आणि नवा पाना सिलिंडरलाच बांधून आले.