पितळाची घनता १०.२४६२३ येतेय, चूक कुठे?

अकरावी_विज्ञान: पितळी दंडगोलाची घनता काढतेय. व्हर्नियरचा (सरकत्या जबड्याच्या मापपट्टीचा) लीस्ट काउंट, म्हणजे मोजता येणारं सर्वांत लहान माप, ०.०१ सेमी. व्यास १.२५ सेमी, उंची ३.८२ सेमी, वस्तुमान ४१.२ ग्रॅम (काटा ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवतो). जबडे मिटल्यावर व्हर्नियरची आठवी रेघ मुख्य पट्टीच्या रेघेशी जुळते, म्हणून दोन्ही मापांतून ०.०८ वजा केले. उत्तर १०.२४६२३ ग्रॅम/घसेमी आलं. पितळाची तर साधारण ८.५ असते ना? आणि उत्तरात किती अंक ठेवायचे?

मापपट्टी: जबडे मिटल्यावर व्हर्नियरचं शून्य मुख्य पट्टीच्या शून्याच्या कोणत्या बाजूला आहे?

अकरावी_विज्ञान: किंचित डावीकडे.

मापपट्टी: मग घोळ तिथेच आहे. शून्य उजवीकडे असतं तर +०.०८ बरोबर होतं. डावीकडे असेल तर त्रुटी ऋण, आणि रेघा दहातून वजा करून मोजायच्या: −(१० − ८) × ०.०१ = −०.०२ सेमी. ऋण त्रुटी वजा करायची म्हणजे मिळवायची. व्यास १.२७, उंची ३.८४. आकारमान ४.८६ घसेमी, घनता ८.४७. व्यासाचा वर्ग होतो, म्हणून एक मिलिमीटरच्या चुकीने उत्तर एवढं फुगलं.

तिन्ही मापांत तीन सार्थ (भरवशाचे) अंक आहेत, तेव्हा उत्तरातही तीनच. मात्र मधल्या पायरीवर अंक छाटू नकोस. कॅल्क्युलेटरवर पूर्ण संख्या राहू दे, शेवटीच पूर्णांकन कर. पायसाठी ३.१४ ऐवजी π चं बटण दाब.

दशांशचिन्ह: ८.४७ मधल्या ७ वर भरवसा ठेवू नये. तीन अंकांचा नियम हा ढोबळ अंदाज आहे; खरी त्रुटी काढून बघ. व्यासात ०.०१/१.२७ म्हणजे ०.७९ टक्के, वर्गामुळे दुप्पट, १.५७. उंचीची ०.२६, वस्तुमानाची ०.२४. बेरीज सुमारे २.१ टक्के, म्हणजे ०.१८. दशांशानंतरचा पहिलाच अंक डळमळीत आहे, म्हणून प्रामाणिक उत्तर ८.५ ± ०.२.

सुधारायचं तर काटा बदलून फारसं हाती लागणार नाही, व्यास स्क्रू गेजने (स्क्रू फिरवून बारीक माप घेणाऱ्या साधनाने) घे. त्याचा लीस्ट काउंट ०.०१ मिमी असतो. समज, १२.६८ मिमी आला, तर घनता ८.५० ± ०.०६ इतकी नेमकी होते. उंचीला व्हर्नियरच लागेल, कारण नेहमीचा स्क्रू गेज २५ मिमीपर्यंतच उघडतो.

मापपट्टी: स्क्रू गेजचीही शून्य त्रुटी (मिटल्यावर शून्याऐवजी दिसणारं माप) आधी बघ. बोंडाने जोर लावून आवळू नकोस. टोकाचा रॅचेट (ठरावीक दाबानंतर नुसताच घसरणारा छोटा भाग) दोन-तीनदा टिकटिक करेपर्यंतच फिरव. जास्त फिरला तर नुसतं किंचित मागे आणून वाचू नकोस, आट्यांतल्या ढिलाईमुळे माप चुकतं. पूर्ण सैल करून पुन्हा पुढे आण. व्यास एकमेकांना काटकोनात दोनदा, तोही दंडगोलाच्या तीन ठिकाणी घे आणि सरासरी काढ.

अकरावी_विज्ञान: एसआय एककात ८५०० किग्रॅ/घनमीटर लिहू का?

दशांशचिन्ह: त्यातली शेवटची शून्यं मोजलेली की जागा भरायला आलेली, हे वाचणाऱ्याला कळत नाही. स्क्रू गेज वापरलास तर (८.५० ± ०.०६) × १०³ लिही, नुसत्या व्हर्नियरवर (८.५ ± ०.२) × १०³.