सरासरी वाढली, पण घरं महागली का?

एक दावा वाचला की एका विभागात घरांची विक्री घटली तरी सरासरी किंमत वाढली, म्हणजे तिथे मागणी जोरात आहे. मला हे पटत नाही. समजा, लहान घर ४० ला आणि मोठं १०० ला जातं. गेल्या वर्षी ८ लहान, २ मोठी विकली: सरासरी ५२. यंदा लहान घरांचे गिऱ्हाईक कर्जाच्या व्याजामुळे थांबले, २ लहान आणि २ मोठी विकली: सरासरी ७०. विक्री निम्म्याहून कमी, एकाही घराचा भाव वाढलेला नाही, आणि बातमी मात्र ३५ टक्के वाढीची! (ब्रोकर मंडळी खूश.)

म्हणून विभागांची तुलना करताना निदान मध्यक (सगळ्या किमती चढत्या क्रमाने लावल्यावर बरोबर मधे येते ती किंमत) तरी बघा. तोही अशा बदलाने हलतोच, पण दोन-चार आलिशान बंगल्यांनी फुगत नाही. त्याहून बरी पद्धत म्हणजे तेच घर पुन्हा विकलं गेलं तेव्हाच्या दोन किमती ताडून पाहणं. अमेरिकेतला घरांच्या किमतींचा केस-शिलर निर्देशांक असाच काढतात. त्यात नवी घरं सुटतात, हा तोटा आहेच.

आणि मंदीत आधी सौदे आटतात, भाव नंतर उतरतात, कारण विकणारा जुन्या भावावर अडून बसतो.