द्राक्षबागेतील फवारणीची नोंद बोलून करायची आहे : आकडे आणि औषधांची नावे अचूक ओळखली जावीत यासाठी मदत हवी

नमस्कार.

सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. फळछाटणीनंतर डाऊनी आणि भुरी या बुरशीजन्य रोगांसाठी फवारण्या सुरू होतात, आणि माल निर्यातीला द्यायचा असेल तर प्रत्येक फवारणीची तारीख, औषध, प्रमाण व पाणी यांची नोंद ठेवावीच लागते. वडिलांच्या हातांत मोजे असतात, वही घरी असते, त्यामुळे नोंद संध्याकाळी आठवून लिहिली जाते. ती त्यांना बागेतच फोनशी बोलून करता यावी, अशी व्यवस्था मी उभी करीत आहे.

अडचण एका उदाहरणाने सांगतो. वडील म्हणाले, "प्लॉट दोन, मँकोझेब, लिटरला अडीच ग्रॅम, पाणी पावणेदोनशे लिटर." फोनने लिहिले, "प्लॉट दोन मॅन को जब लिटरला अडीच ग्राम पाणी पावणे 200 लिटर." ऐकण्यात चूक फारशी नाही, परंतु पुढचा प्रोग्राम त्यातून 200 उचलतो आणि 175 लिटरची नोंद चुकीची होते. सव्वाशे, दीडशे, सव्वादोनशे, अडीचशे, साडेतीनशे हे सगळे आमच्या रोजच्या बोलण्यातले आकडे आहेत. ते अंकांत नेण्यासाठी मी हाताने तक्ता तयार करीत आहे. मराठीसाठी असे काम कोणी आधीच केले असल्यास कृपया सांगावे.

औषधांच्या नावांचा प्रश्न याहून गंभीर वाटतो. हेक्साकोनॅझोल, डायफेनोकोनॅझोल आणि टेट्राकोनॅझोल ही तिन्ही नावे शेवटाला सारखीच ऐकू येतात, आणि तोंडावर मास्क असला की सुरुवातीचे अक्षरच पुसट होते. ऐकलेला शब्द आमच्या यादीतील सर्वांत जवळच्या नावाशी जुळवावा, हा सोपा उपाय मला धोक्याचा वाटतो, कारण यंत्र खात्री नसतानाही एक नाव ठोकून देईल. कोणत्या औषधानंतर किती दिवसांनी काढणी करायची, हे याच नोंदीवरून ठरते. म्हणून ऐकलेला शब्द प्रत्येक नावाशी किती जुळतो याचे यंत्राने दिलेले गुण पाहता, दोन नावांमधील गुणांचा फरक ठरावीक मर्यादेहून कमी असेल, तर यंत्राने नोंद न करता "हेक्सा की टेट्रा?" असे उलट विचारावे, अशी माझी कल्पना आहे. ही मर्यादा कशी ठरवतात?

वडील औषधाचे नाव सांगतात आणि प्रमाण पाहण्यासाठी पुडा फिरवतात. तेवढ्या शांततेत यंत्र वाक्य संपले असे समजून ऐकणे थांबवते. प्रमाण आणि पाणी सांगून होईपर्यंत थांबण्याची वेळ वाढवावी आणि प्लॉट, औषध, प्रमाण व पाणी या चारही गोष्टी मिळाल्यावर ती कमी करावी, असे करता येते का? ब्लोअरच्या (ट्रॅक्टरवर चालणाऱ्या फवारणी यंत्राच्या) आवाजाचे मी तूर्त बाजूला ठेवले आहे, कारण ट्रॅक्टर बंद करून बोलणे शक्य आहे.

बागेत रेंज नीट मिळत नाही, म्हणून सर्व काही फोनवरच चालावे. व्हिस्पर हे बोलणे ऐकून लिहून देणारे, 2022 साली खुले झालेले मॉडेल 6 लाख 80 हजार तासांच्या ध्वनीवर घडवले आहे, पण त्यातील मोठा भाग इंग्रजीचा आहे. आयआयटी मद्रासच्या एआयफोरभारत गटाची मॉडेले भारतीय भाषांसाठीच आहेत. कॉमन व्हॉइस या लोकांनी दिलेल्या आवाजांच्या खुल्या संग्रहात मराठी आवाज आहेत, परंतु तिथे मुख्यतः वाचून दाखवलेली वाक्ये असतात. "लिव्हून घे", "मारलंय", "मोरचूद-चुना" असे बोलणे त्यात कितपत सापडेल? वडिलांनी यंत्रासाठी आपली बोली बदलावी, हे मला मान्य नाही.

माझा मुख्य प्रश्न असा आहे : मॉडेलला औषधांची व आकड्यांची यादी आधी पुरवणे एवढ्याने भागेल, की घरच्यांचे व मजुरांचे आवाज ध्वनिमुद्रित करून त्यांवरून मॉडेलला पुन्हा शिकवावे लागेल? शिकवायचे झाल्यास तपासणीसाठी शिकवण्यात न वापरलेल्या माणसांचे आवाज वेगळे ठेवायचे, हे ठाऊक आहे. किती तासांच्या मुद्रणापासून फरक जाणवू लागतो, याचा अनुभव हवा आहे. तसेच शब्दांच्या चुकांची टक्केवारी मोजण्याऐवजी, प्लॉट, औषध, प्रमाण आणि पाणी या चारही गोष्टी बरोबर आल्या तरच नोंद बरोबर धरायची, असे मी ठरवले आहे. या पद्धतीत काही उणीव दिसत असल्यास अवश्य लिहावे. फोन 4 जीबी रॅमचा अँड्रॉइड आहे. बोलणाऱ्यांची संमती घेऊन काही ध्वनिमुद्रणे येथे देण्याची माझी तयारी आहे.