पुण्यात नोकरी लागली की लगेच कार घ्यायची? माझं मत: नको

तापीकाठ (अमळनेर)
पुतण्याला खराडीत नोकरी लागली, रूम कोथरूडला, आणि घरात पहिला विषय निघाला कारचा. आपल्याकडे पोरगं कमवायला लागलं की दारात गाडी दिसली पाहिजे, सोयरिकीतही तेच विचारतात. पण ८ लाखाचं कर्ज ५ वर्षांसाठी काढलं तर हप्ताच १६ हजाराच्या पुढे जातो, वरून पेट्रोल, इन्शुरन्स, पार्किंग वेगळं. आणि एवढं करून संध्याकाळी नगर रोडला क्लच दाबत उभं राहायचं! त्यापेक्षा कोथरूडच्या वनाझला मेट्रोत बसा, गाडी न बदलता खराडीच्या अलीकडे रामवाडीला उतरा, ३०-३५ रुपयांच्या वर तिकीट नाही. उरलेला पैसा गावाकडे ठिबकला लावा ना.

गिरणामाय (चाळीसगाव, सध्या वाघोली)
दादा, तुमचा मेट्रोचा हिशोब रामवाडीला संपतो, आमचा दिवस तिथून सुरू होतो. वाघोलीपर्यंतच्या मेट्रोला केंद्राने २०२५ मध्ये मंजुरी दिली, पण मंजुरीत बसून ऑफिसला जाता येत नाही. सात वाजता थांब्यावर उभं राहून बघा, बस येते ती दरवाज्यात माणसं लटकलेली, थांब्याच्या पुढे जाऊन हळू होते, सगळे पळत सुटतात, खांद्याला लॅपटॉपची बॅग असलेल्या बाईने काय करायचं? रिक्षा बघावी तर शेअरवाला चौथं सीट भरल्याशिवाय हलत नाही. मी स्कूटी घेतली आणि मला त्याचा अजिबात पश्चात्ताप नाही.

जिभाऊ५५
गाडी लेवानी शे ते ले भाऊ, पन ठेवशी कोठे? पेठेत पाहुण्याकडे गेलो की अर्धा तास जागा शोधण्यातच जातो.

एमएच१८ धुळे
तापीकाठ, एकट्या पोराचं ठीक आहे. माझे आई-वडील दर महिन्याला तपासणीला पुण्यात येतात, आईचे गुडघे गेलेत. जिल्हा न्यायालय स्टेशनवर लाईन बदलायची म्हणजे जमिनीखाली ३३ मीटरवरून वर यायचं, लिफ्ट आहे मान्य, पण लिफ्टपर्यंत चालायचं कोणी? आणि दिवाळीत गावी जायचं तर ट्रॅव्हल्सवाले मन मानेल ते भाडं घेतात, महाराष्ट्र एक्सप्रेसला वेटिंग. अशा वेळी घरची गाडी असावीच.

उधनावाला
सुरतहून लिहितोय, इथे उधना-लिंबायतला आपली अर्धी खान्देशी वस्ती. बीआरटीएस (वेगळ्या राखीव लेनमधून धावणारी बस) आणि सिटीबस दोन्हीला मिळून २५ रुपयात दिवसभराचं तिकीट मिळतं, त्यामुळे आमच्यातला मिलमधला माणूसही बसने फिरतो. तुमच्या पुण्याने २००६ ला देशात पहिल्यांदा बीआरटी आणली, कात्रज-स्वारगेट-हडपसर, आणि नगर रोडवरची उखडून टाकली. रस्ता बसचा काढून कारला दिला, मग बस वेळेवर कशी येणार? आणि बस वेळेवर येत नाही म्हणून परत सगळे कारच घेणार.

गिरणामाय
उधनावाले भाऊ, हे अगदी खरं बोललात, पण त्याची शिक्षा मी रोज थांब्यावर उभी राहून का भोगू? २०२५ च्या जूनमध्ये पीएमपीचा, म्हणजे पुण्याच्या सिटीबसचा, दिवसाचा पास ७० रुपये झाला, महिन्याचा ९०० वरून १५००. पैसे वाढवले, बरं, मग बसा पण वाढवा.

तापीकाठ
ताई, तुमचा त्रास मी नाकारत नाही, रात्रीच्या शिफ्टला तर स्कूटीच बरी. धुळेकर भाऊ, आई-वडिलांसाठी महिन्यातून एकदा कॅब करा ना, खाली दाराशी येते, पार्किंग शोधावं लागत नाही आणि १६ हजाराच्या हप्त्यात अशा किती कॅब बसतात ते बघा. माझा विरोध रोज एकट्या माणसाने चार सीटची गाडी घेऊन ऑफिसला जायला आहे, कारण त्याच्यामुळेच ताईंची बस अडकते. पुतण्याला सांगितलंय, कोथरूड सोड, रामवाडीच्या आसपास रूम बघ, भाडं दोन-तीन हजार जास्त लागलं तरी चालेल, मी भरतो.

एमएच१८ धुळे
रामवाडीला दोन-तीन हजारात नाही भागत दादा, तिकडची भाडी बघून या एकदा. माझा मामेभाऊ कल्याणीनगरच्या मागे राहतो, पोराला त्याच्याकडे पाठवा, पार्टनर शोधतोय तो.