सॉसेज व ब्रोकोलीचा ओरेकिएत्ते पास्ता कोरडा का झाला?

प्रश्न (खमंग)

रविवारी सहा जणांसाठी ५०० ग्रॅम ओरेकिएत्ते (छोट्या कानांच्या आकाराचा पास्ता), ४०० ग्रॅम इटालियन पद्धतीचे पोर्क सॉसेज आणि ब्रोकोलीचे दोन गड्डे असा बेत केला होता. सॉसेजला खरपूस रंग येण्याऐवजी ते स्वतःच्याच पाण्यात शिजून राखाडी पडले. पास्ता उकडून, चाळणीत ओतून नळाखाली धुतला होता, तरी त्याचे गठ्ठे झाले. शेवटी क्रीम ओतून वेळ मारून नेली, पण चव दबली. क्रीम न वापरता पास्ता रसदार कसा करावा?

उत्तर (पळीभर)

पास्ता धुतलात, तिथेच घात झाला. त्याच्या अंगावरचा स्टार्च आणि उकडलेले पाणी मिळूनच रस दाटतो. ५०० ग्रॅमला पाच लिटर पाण्याचे आधण ठेवून त्यात सुमारे ५० ग्रॅम मीठ घालावे. सॉसेजची साल काढून मांस बोटांनी कुस्करावे, पसरट कढईत मोठ्या आचेवर एका थरात पसरावे आणि तळाला तांबूस पापुद्रा धरेपर्यंत चमचा अजिबात लावू नये. मांस जास्त असेल तर दोन घाण्यांत परतावे. त्याच चरबीत लसूण आणि सुकी मिरची परतून, भाताची कणी राहावी इतपत शिजलेला पास्ता झाऱ्याने थेट कढईत घ्यावा आणि दोन पळ्या पास्त्याचे पाणी घालून मिनिट-दोन मिनिटे जोराने हलवावा. किसलेले पेकोरिनो आच बंद केल्यावरच घालावे, नाहीतर त्याच्या गुठळ्या होतात. या चीजला आणि सॉसेजलाही मीठ असते, म्हणून वरून मीठ चाखूनच घालावे.

उत्तर (कडूगोड)

भाजीबद्दल थोडे. हा पास्ता दक्षिण इटलीतल्या पुलियाचा. तिथे ब्रोकोलीऐवजी चीमे दी रापा, म्हणजे शलगमाच्या जातीची कडसर पालेभाजी वापरतात, आणि तिथल्या बारी शहरातल्या नेहमीच्या पाककृतीत सॉसेज नसून अँचोव्ही मासे असतात. सॉसेज घालायचे असेल, तर चरबीला तोंड द्यायला तो कडूपणा फार उपयोगी पडतो. ती भाजी न मिळाल्यास ब्रोकोलीत मूठभर मोहरीचा पाला मिसळावा आणि दोन्ही पास्त्याच्याच आधणात मऊ होऊ द्यावे, कारण ही भाजी करकरीत राहता कामा नये. बारीच्या जुन्या भागातील आर्को बास्सो गल्लीत बायका दारात टेबल मांडून, रवा आणि पाण्याच्या कणकेचे तुकडे सुरीखाली ओढून हे ‘छोटे कान’ वळतात. आपल्याकडे गव्हले वळणाऱ्या हातांना ते काम परके वाटणार नाही.

प्रतिसाद (खमंग)

दोघांचेही आभार. काल अर्ध्या प्रमाणात करून पाहिला. पाणी घातल्यावर पास्ता आधी पातळ वाटला, पण हलवता हलवता रस चकचकीत होऊन त्या खोलगट कानांत जाऊन बसला. गोव्याचे चोरीस (तिथले पोर्क सॉसेज) वापरले तर चालेल का?

उत्तर (पळीभर)

चालेल, पण त्यातल्या व्हिनेगरमुळे आणि मिरचीमुळे पदार्थ वेगळाच होईल. साध्या खिम्यात मीठ, लसूण आणि भरडलेली बडीशेप मिसळून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवल्यास चव अधिक जवळची येते.