मदत हवी आहे: शिफ्टनुसार गट पाडले तर त्याला प्रयोग म्हणता येईल का?

नमस्कार. मी पुण्यात एम.ए. मानसशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रकल्पासाठी चाकणच्या एका कारखान्यात असेंब्ली लाइनवर काम करायची परवानगी मिळाली आहे. चहा-जेवण सोडून अधूनमधून पाच मिनिटांची सुट्टी दिली, तर शिफ्टच्या शेवटी होणाऱ्या चुका कमी होतात का, हे पाहायचंय. सुट्टी हा स्वतंत्र चल (आपण बदलतो ती गोष्ट), रिजेक्ट झालेले नग हा परतंत्र चल (जिच्यावर परिणाम मोजतो ती).

अडलंय ते गट पाडण्यावर. चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना सुट्टी द्यावी म्हटलं, तर चालू लाइनवरून निम्मी माणसं उठवता येत नाहीत. मॅनेजर म्हणतात, फर्स्ट शिफ्टला द्या, सेकंडला नको. पण मग दिसलेला फरक सुट्टीचा, की वेळेचा, की सुपरवायझरचा? त्यात दर आठवड्याला शिफ्ट फिरते.

हॉथॉर्न कारखान्यातल्या प्रयोगाचं उदाहरण डोळ्यांसमोर आहे. शिकागोजवळच्या त्या कारखान्यात १९२७ पासून टेलिफोनचे रिले (विजेवर चालणारे स्विच) जोडणाऱ्या मुलींच्या खोलीत विश्रांती बदलली, कामाचे तास बदलले, मोबदल्याची पद्धतही बदलली आणि दोघींच्या जागी मध्येच दुसऱ्या आणल्या. उत्पादन नेमकं कशामुळे वाढलं, यावर आजही वाद आहे. इथली माणसं आठ-आठ तास उभी असतात. त्यांच्या सुट्टीबद्दल कच्च्या आधारावर काही लिहायचं नाहीये मला. काय करू?

प्रतिसाद:
शिफ्ट फिरते हे तुमच्या पथ्यावरच आहे. आधी दोन आठवडे काहीही न बदलता नुसतं रिजेक्शन नोंदवा. मग पहिले दोन आठवडे एका गटाला सुट्टी, पुढचे दोन दुसऱ्याला. आधी कोणाला हे चिठ्ठी टाकून ठरवा. दोन आठवड्यांत प्रत्येक गट दोन्ही शिफ्टमधून जातो, त्यामुळे वेळेचा परिणाम दोन्हीकडे सारखा पडतो. सुपरवायझर गटाबरोबर फिरत असेल तर तोही प्रश्न सुटला, कारण तुलना त्याच गटाची स्वतःशी होईल.

नग तपासणाऱ्या क्वालिटीच्या माणसाला कोणत्या गटाला सुट्टी आहे हे कळू देऊ नका. मात्र गट दोनच आहेत. साठ माणसं म्हणजे साठ स्वतंत्र नोंदी असं धरून टी-टेस्ट (दोन सरासऱ्यांमधल्या फरकाची सांख्यिकी चाचणी) लावू नका. गाइड तिथेच पकडतील. माणसं चिठ्ठ्या टाकून गटांत वाटलेली नाहीत, म्हणून याला पूर्ण प्रयोग म्हणता येणार नाही; अहवालात अर्ध-प्रायोगिक आराखडा असं स्पष्ट लिहा.

आणि प्रत्येकाची संमती घ्या. माणसागणिक आकडे व्यवस्थापनाला मिळणार नाहीत, हे मॅनेजरकडून सुरुवातीलाच लेखी घ्या. आपल्या चुका मोजून कोणाला तरी दाखवणार असं वाटलं, तर नोंदी खऱ्या येणार नाहीत.