दिवाळीसाठी हॉल हवाय, फ्रेंचमध्ये 'आहे का?' कसं विचारू?

नर्मदाकाठची (ल्यों): मंडळी, फराळाच्या कार्यक्रमासाठी नगरपालिकेचा हॉल घ्यायचाय. शनिवारी रिकामा आहे का, स्वयंपाकघर आहे का, पणत्या चालतील का, एवढंच विचारायचंय. पुस्तकात तीन तऱ्हा दिल्यात. फोनवर कुठली बरी?

खवय्या: फोनवर डोळे झाकून 'एस्क' लावा. 'एस्क ला साल ए लिब्र सामदी?' हिंदीतल्या 'क्या'सारखं वाक्याच्या सुरुवातीला, पुढचं वाक्य जसंच्या तसं. मित्रमंडळींना तेही नको. 'तू व्हियां सामदी?' (शनिवारी येतोस का?) म्हणत शेवटी सूर चढवला की झालं.

पुणेकर_काकू: ईमेलमध्ये मात्र क्रियापद आधी आणा, जरा अदबीचं वाटतं. 'यातील यून क्विझीन?' (स्वयंपाकघर आहे का?) हो, आपलं 'यातील'च म्हणा, कुणाला कळणारसुद्धा नाही! मधला 'त' दोन स्वर एकमेकांवर आपटू नयेत म्हणून घुसडलेला.

नर्मदाकाठची: भारीच. आणि 'माईक नाहीये का?' असं विचारलं तर?

पुणेकर_काकू: नकारार्थी विचारूच नकोस गं. माईक असेल तर हॉलवाले 'वी' (साधं 'हो') नाही, 'सी' ('आहे की!') म्हणतील; नसेल तर 'नों' (नाही). आपण 'हो, नाहीये' म्हणतो ना, तिथेच घोळ होतो.

खवय्या: पणत्यांचं मात्र सगळ्यात आधी विचारा: 'एस्क ले बुझी सों ओतोरिझे?' बऱ्याच हॉलमध्ये उघडी ज्योत चालत नाही. 'नों' आलं तर बॅटरीच्या पणत्या घ्या.